आधी आलेल्यांचं देणं

माझ्यावर तीन म्हाताऱ्या माणसांचं ऋण आहे आणि तिघांपैकी एकानंही मला कधी उपदेश केला नाही. आपण किंवा आपले वडील मुंबईत कसे आले, एवढंच ते सांगत. पुन्हा पुन्हा सांगत, एकाच प्रसंगाच्या दोन वेगवेगळ्या हकिकती सांगत, मध्येच उठून दूध उतू जातंय का पाहून येत आणि भलतीकडूनच पुढे सुरू करत. त्या सांगण्यावर मी या शहरात टिकलो. पुढे माझ्या मागून आलेल्या पोरांना टिकायला हातभार लावायची वेळ आली तेव्हा माझ्यापाशी द्यायला तेवढंच होतं.

तिघांची नावं लिहीत नाही. चाळीत त्यांना नावानं हाक मारणारं तसंही कोणी उरलं नव्हतं. एक खानावळीच्या काकी, देवगडकडच्या. एक तात्या, पाटण खोऱ्यातले, साचेखात्यातले विणकर. आणि एक वरळीचे पद्मशाली मामा, ज्यांचे वडील तेलंगणातून आले होते.

मी 1988 च्या जूनमध्ये भूम तालुक्यातून आलो आणि परळच्या एसटी डेपोत उतरलो. गिरणगाव तोवर मोडलं होतं. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला संप मागे घेतल्याचं कोणी रीतसर जाहीर केलंच नाही. तो नुसता विरत गेला. साठेक गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार यांचा तो संप, आणि त्यातले हजारो लोक पुन्हा फाटकाच्या आत गेलेच नाहीत. माझा मामा त्यातलाच. गिरणीत बदली कामगार होता, आता एका इमारतीखाली वॉचमन होता. त्यानं मला एका रात्रशाळेत मास्तरकी मिळवून दिली आणि डिलाइल रोडच्या एका चाळीत पथारीपुरती जागा.

ती जागा म्हणजे पाटणकडच्या एका गावाची गावकरी खोली. आजच्या वाचकाला हे सांगायला हवं. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या जिल्ह्यांतल्या गावागावांनी मुंबईत एकेक खोली धरून ठेवलेली असे. गावचा पोरगा कामाला आला की त्याच खोलीत उतरायचा. महिन्याची वर्गणी, भिंतीवर नियम, माळ्यावर ट्रंका आणि दोरीवर कपडे. गिरण्या तीन पाळ्यांत चालत, तशी खोलीही तीन पाळ्यांत झोपे. एक जण उठून कामावर गेला की दुसरा त्याच वळकटीवर आडवा व्हायचा. खोली गावाची, त्यामुळे परगावच्याला तिथं जागा नसे. मामा धाराशिवकडचा, तरी त्याला घेतलं होतं, कारण तात्या आणि तो एका रांगेतल्या साच्यांवर उभे राहिले होते. तात्यांनी खोलीच्या बैठकीत म्हणे एवढंच विचारलं, ‘याचा धागा तुटला तर मी जोडतो, माझा तुटला तर हा जोडतो. झोपायला दुसरीकडं धाडू?’ मामाच्या पाठोपाठ मी आलो. म्हणजे माझ्या जागेचं भाडं तात्यांच्या एका वाक्यानं भरलेलं होतं.

जेवायला मात्र काकींकडे.

मला तेव्हा मुंबई अजिबात आवडत नव्हती. मी ‘जेवायलोय’, ‘करायलोय’ म्हटलं की गॅलरीत हसू फुटे. शाळेतली पोरं माझ्यापेक्षा वयानं मोठी, दिवसभर हमाली करून येणारी. त्यांच्यापुढे खडू धरताना हात घामेजत. त्यात नेमणुकीला मान्यता यायची होती, ती येईपर्यंत पगार नाही. परत जावं असं ठरवून एका दुपारी काकींचे पैसे किती झाले ते विचारायला गेलो. काकी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी हिशेब सांगितलाच नाही. म्हणाल्या, ‘भूम म्हणजे खंय इला ता?’ मी सांगितलं. मग त्यांनी त्यांचं सांगितलं.

संयुक्त महाराष्ट्राच्या गडबडीत, लग्न होऊन चार महिने झाले असतील नसतील, त्या बोटीनं आल्या. कोकण रेल्वे पूर्ण झाली 1998 साली. त्यांच्या पिढीला मुंबई म्हणजे बोट आणि भाऊचा धक्का. बोटीत पूर्ण वेळ ओकाऱ्या. धक्क्यावर नवरा घ्यायला येणार होता, त्याची पाळी बदललेली, त्यामुळे आला नाही. त्याच्या ओळखीचा म्हणून एक माणूस पुढे आला. त्याच्यासोबत जावं की न जावं? काकी तिथंच ट्रंकेवर बसून राहिल्या. शेवटी त्या माणसानं त्यांच्या सासऱ्याचं, चुलत सासऱ्याचं, गावच्या देवळाच्या पुजाऱ्याचं नाव सांगितलं तेव्हा कुठे त्या उठल्या. चाळीत आल्यावर पहिले कितीतरी दिवस नळाची वेळ कळेना. पाणी यायचं पहाटे, त्या उठून जात तोवर रांग संपलेली. शेजारच्या खोलीतल्या एका साताऱ्याच्या बाईनं एक दिवस न विचारता त्यांची कळशी आपल्या कळशीपुढे ठेवली. ‘बोलणा तिचा माका कळना नाय, माझा तिका कळना नाय,’ काकी म्हणाल्या, ‘पण कळशी कळली.’ मग माझ्याकडे पाहून, ‘मी काय कमी रडलंय?’

पैशांचं मी पुन्हा विचारलं. म्हणाल्या, पगार झालो की दी. मान्यता आली, थकलेला पगार एकदम हातात पडला, तेव्हा त्यांनी सगळे पैसे नोटा दोनदा मोजून घेतले. सूट एका रुपयाचीही दिली नाही. खानावळ हा धंदा होता आणि त्या तो धंदा म्हणून करत. त्यामुळे माझं ऋण पैशांत फिटलेलं आहे, हे नोंदवून ठेवतो. जे फिटलं नाही ते त्या दुपारचं.

खानावळवाल्या बाईकडे मेंबर येतात ते फक्त जेवायला येतात असं बाहेरच्याला वाटतं. कोणत्या गिरणीत बदली भरतायत, कोणत्या खात्याचा मुकादम म्हणजे जॉबर कसा आहे, कोणाच्या खोलीत एक पथारी मोकळी आहे, सावकाराचं व्याज कुठं कमी आहे, हे सगळं तिथं ताटावर कळे. 1974 च्या बेचाळीस दिवसांच्या संपात या बायकांनी संपकऱ्यांना उधारीवर जेवू घातलं. त्याच्या पुढच्याच वर्षी, 1975 मध्ये, प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि सावकाराच्या पाशात अडकलेल्या खानावळवाल्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळायला लागलं. काकी त्या मंडळाबद्दल फार आदरानं बोलत. ब्याऐंशीच्या संपाबद्दल मात्र तशा बोलत नसत. मेंबर गावाला गेले ते थकबाकी ठेवून गेले. काहींनी वर्षांनी मनीऑर्डर केली. काहींनी नाही केली, आणि त्यांची नावं काकींना शेवटपर्यंत पाठ होती, शिव्यांसकट. क्षमाशील वृद्धा वगैरे काही नव्हत्या त्या.

तात्यांचं सांगणं अगदी वेगळ्या जातीचं. त्यांना सन आठवत नसे, पण पाळी आठवे. पहिल्या पाळीचा भोंगा, दुसरीचा, आणि रात्री बारानंतर तिसरीला जाताना रस्त्यावर किती माणसं असत. पंधराव्या वर्षी ते चुलत्याबरोबर आले, आणि बदलीवाला म्हणून रोज फाटकावर उभे राहू लागले. पाळी सुरू होताना कोणी गैरहजर असेल तर बदलीवाल्याला काम. नसेल तर परत खोलीवर. ‘फाटकावर उभं राहायला शिकणं हेच काम होतं,’ असं ते म्हणत. जॉबरला गावची कोंबडी पोचवल्याचंही मोकळेपणी सांगत. वाटेगावहून चालत मुंबईला आलेल्या शाहीर अण्णा भाऊ साठ्यांना त्यांनी मैदानात ऐकलं होतं. ऐकताना आपण एकटे आलेलो नाही असं वाटायचं, इतकंच ते सांगत. शाहिरीबद्दल यापेक्षा नेमकं बोललेलं मी फारसं वाचलेलं नाही.

2004 साली नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचं ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ हे गिरणगावच्या मौखिक इतिहासाचं पुस्तक आलं. कामगार, खानावळवाल्या, शाहीर, कार्यकर्ते यांनी आपल्या तोंडानं सांगितलेलं गिरणगाव त्यात आहे. ते वाचलं तेव्हा लक्षात आलं की काकींच्या स्वयंपाकघरात मी रोज जे ऐकत होतो त्याला इतिहास म्हणतात. मी जुना टेपरेकॉर्डर काढला. हौस म्हणून. त्याचा कोणाला उपयोग होईल असं तेव्हा डोक्यात नव्हतं.

उपयोगाची गोष्ट दुसरीकडून आली. रात्रशाळेतली मराठी पोरं कमी होत गेली. चाळीतल्या खोल्यांमध्ये आता जौनपूर, आझमगड, मधुबनी, गिरिडीह, कलबुर्गीकडची मुलं राहत होती. कोणी कँटीनमध्ये, कोणी मॉलमध्ये सिक्युरिटीला, कोणी लिफ्ट बसवणाऱ्या ठेकेदाराकडे. एका खोलीत दहा-बारा, ड्यूटी बदलली की वळकटी बदलते. तात्या पाहून हसले आणि म्हणाले, गावकरी खोलीच आहे, फक्त गाव बदललं. त्यातल्या काहींना मराठी वाचायला-बोलायला शिकायचं होतं, म्हणून चाळीतल्या मंडळाच्या खोलीत रविवारी सकाळी वर्ग सुरू केला. अंकलिपीपासून सुरुवात केली आणि पोरं पेंगायला लागली. आठवडाभर बारा-बारा तास उभं राहिलेल्या माणसाला ‘हे कमळ, तो नळ’ यात रस का वाटावा?

एका रविवारी मी काकींना आणून बसवलं. वर्गाला एवढंच सांगितलं की या बाई बोटीनं आल्या, त्यांना मराठीत विचारा काय विचारायचं ते. बराच वेळ कोणी बोलेना. मग मधुबनीच्या एका पोरानं विचारलं, ‘पहिला दिवस... झोपला कुठे?’ काकींनी आधी त्याचं वाक्य दुरुस्त केलं, ‘झोपला नाय रे, झोपलात,’ आणि मग धक्क्यावरची ट्रंक, ओकारी, नवऱ्याची बदललेली पाळी, सगळं सांगितलं. पोरं हसली. नंतर एकेकानं आपली पहिली रात्र सांगितली: कोणी लोकमान्य टिळक टर्मिनसच्या फलाटावर, कोणी ठेकेदाराच्या गोदामात सिमेंटच्या गोण्यांवर. मोडकं मराठी, मध्ये हिंदी, मध्ये मैथिली. काकींना अर्धं कळत नव्हतं. तरी त्या प्रत्येकाला ‘जेवलंस काय मग?’ विचारत होत्या, आणि त्या एका प्रश्नाचं उत्तर सगळ्यांनी मराठीत दिलं.

तिथून वर्गाची रीत बदलली. दर खेपेला एक म्हातारा किंवा म्हातारी आणि पोरांचे प्रश्न. काही गोष्टी मला करताना कळल्या. ‘तेव्हा फार हाल होते का?’ असं विचारलं की माणूस भाषण देतो. ‘पहिला पगार झाला तो कोणी मोजला?’ असं विचारलं की माणूस गप्प होतो आणि मग खरं सांगतो. हातात एखादी वस्तू असली तर आणखी बरं: गिरणीचा बिल्ला, पत्र्याची ट्रंक, रॉकेलचा स्टो. बायका आधी ‘माझं काय आहे सांगण्यासारखं, यांना विचारा’ म्हणून नवऱ्याकडे बोट दाखवतात. नवऱ्याला चहा आणायला पाठवावं. आणि टेप लावल्यावर माणसं शुद्ध बोलायला लागतात, म्हणून पहिली बरीच मिनिटं वाया जाणार हे धरून चालावं.

पद्मशाली मामा वर्गात आले तेव्हा कलबुर्गीच्या पोरानं विचारलं की मराठी शिकलो तर घरची भाषा जाते का. मामांचे वडील करीमनगरकडून आलेले. तेलंगणातून येणाऱ्यांचा मुंबईशी संबंध फार जुना. बांधकामावर राबणाऱ्या कामाठ्यांच्या नावावरून कामाठीपुरा झाला, आणि पुढे पद्मशाली विणकर गिरण्यांत शिरले. मामा वरळीत जन्मले, तेलुगू आणि मराठी दोन्ही लिहीत. त्यांनी उत्तर दिलं, ‘घरात तेलुगू, खात्यात मराठी, मॅनेजरपुढे मान खाली. तीन भाषा येत होत्या. तिसरी विसरलो, पहिल्या दोन आहेत.’ स्थलांतरितांनी मराठी कशी शिकावी यावर मी पुष्कळ चर्चा ऐकल्या आहेत. मामांच्या उत्तरापुढे त्या सगळ्या लांबण वाटतात.

इथवर वाचून हे सगळं गोड गोड वाटत असेल, तर तात्यांचं पुढचं सांगणं ऐका.

2008 साली मुंबईत उत्तर भारतीयांवर हल्ले झाले. टॅक्सीवाल्यांना मारहाण झाली, परीक्षेला आलेली पोरं पिटाळली गेली. आमचा वर्ग ओस पडला. पोरं खोलीतून बाहेर पडेनात. कामावर जाताना एकमेकांशी बोलत नसत, बोली ऐकून कोणी ओळखेल म्हणून. वर्ग पुन्हा भरला तेव्हा निम्मीच आली होती. त्या दिवशी दुसरं कोणी ठरलं होतं, पण तात्या स्वतः उठले. साठच्या दशकात दाक्षिणात्यांविरुद्ध लाट उठली होती, तेव्हा आपण तरणे होतो, रात्री चार जणांबरोबर गेलो आणि कोपऱ्यावरच्या एका अण्णाच्या हॉटेलाची कपाटं फोडली, असं त्यांनी सांगितलं. तो अण्णा म्हणजे बदली न मिळालेल्या दिवशी तात्यांना उधारीवर चहा देणारा माणूस. एका पोरानं विचारलं, ‘फिर?’ तात्या म्हणाले, ‘फिर क्या? दुसरे दिन चाय किधर से मिलेगी?’

माफी मागितली नाही, डोळे पुसले नाहीत. वर्गही सद्गदित वगैरे झाला नाही. जौनपूरचा एक जण तर रागानं उठून गेला, आणि मला त्याचा राग रास्त वाटला. पण पुढच्या रविवारी तो आला, कारण त्याला विचारायचं होतं की लाट ओसरली कशी, किती दिवसांनी, आणि तो अण्णा परत आला का. अण्णा आला होता. हॉटेल दुसऱ्या रस्त्यावर टाकलं, तात्यांना उधारी कायमची बंद केली. भ्यालेल्या पोराला हे ऐकायचं होतं: असं आधी झालं आहे, ते कसं संपलं, आणि मारणारा कसा दिसतो. मारणारा समोर बसून विडी ओढत होता आणि त्याला मारल्याची लाज होती की नाही हे त्याच्या तोंडावरून ठरवता येत नव्हतं.

जातीचंही तेच. गिरण्यांतल्या साचेखात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण विणकरांना तो विटाळ वाटे. डॉ. आंबेडकरांनी 1928-29 च्या संपांच्या काळात हा प्रश्न ऐरणीवर आणला. तात्यांच्या वेळी ती बंदी सैल झाली होती, पण वडिलांच्या वेळचं त्यांना ठाऊक होतं आणि वडील बंदीच्या बाजूचे होते, हेही ते लपवत नसत. म्हाताऱ्यांच्या आठवणी गोळा करणाऱ्यांना एक मोह होतो: बोचणारं गाळायचं, एकोप्याचं ठेवायचं, मग स्टेजवर सत्कार आणि शाल. गिरण्यांच्या आवारात आता जी झगमगती हॉटेलं आहेत तिथंही भिंतीवर जुन्या कामगारांचे फोटो लावतात. फिनिक्स गिरणीची चिमणी शाबूत आहे आणि तिच्याखाली सेल्फी काढतात. त्या गिरणगावात सगळे हसतमुख असतात. नव्यानं आलेल्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण तो ज्या शहरात उतरला आहे त्यात सगळे हसतमुख नाहीत.

उपयोग कसला असतो ते दोन ठिकाणी फार ठळक दिसलं.

काकींचे गुडघे गेले होते आणि खानावळ कधीच बंद झाली होती, तेव्हा मधुबनीच्या त्या पोराची बायको गावाहून आली. मजल्यावर तिच्याशी बोलणारं कोणी नाही. ती काकींकडे बसायला लागली. काकींनी तिला त्यांचं जुनं पुराण ऐकवलं, आणि त्या पुराणात हिशेब होते: माणशी किती तांदूळ, मेंबर किती झाले की हाताखाली बाई ठेवावी, उधारी कुठं थांबवावी, कोणत्या मेंबराला पहिल्या आठवड्यातच पैसे मागावेत. ऐकणारीला त्यात धंदा दिसला. आज ती त्याच चाळीतून डबे देते. भात-डाळ तिच्या पद्धतीची, उधारीचे नियम काकींचे. काकी गेल्या तेव्हा बाराव्याचं जेवण तिनं केलं आणि पैसे घेतले नाहीत. काकी असत्या तर त्यांनी घ्यायला लावले असते.

दुसरं, 2020 चा मार्च. टाळेबंदी लागली, ठेकेदारांनी फोन उचलणं बंद केलं, खोलीत रेशन संपत आलं. पोरांनी गावी जायचं ठरवलं. काही रस्ता मिळेल तशी निघाली, उरलेली मे महिन्यात श्रमिक रेल्वे सुरू झाल्यावर. जाऊ नका असं सांगण्यात अर्थ नव्हता. तात्या तेव्हा ऐंशीचे, त्यांना खोलीबाहेर सोडत नव्हते. ते गॅलरीतून ओरडून बोलत. त्यांनी ब्याऐंशीचं सांगितलं. दोन महिन्यांत मिटेल म्हणून लोक गावाला गेले होते. ज्यांनी खोलीची वर्गणी थकवली, भाड्याची पावती कोणाच्या तरी हाती देऊन टाकली, रेशन कार्ड ट्रंकेत कुजवलं, ते परत आले तेव्हा त्यांना जागा नव्हती. ज्यांचं नाव खोलीत लागून राहिलं ते कसेबसे पुन्हा उभे राहिले. ‘जा. पण चावी इथं ठेवा, नाव इथं ठेवा,’ असं ते सांगत होते. पोरांनी ऐकलं. आम्ही काही जणांनी मिळून खोलीचं भाडं घरमालकाशी बोलून निम्मं करून घेतलं आणि ते भरत राहिलो. दिवाळीच्या सुमारास बहुतेक जण परतले तेव्हा खोली त्यांचीच होती. संकटात काय करावं याची कोणतीही पुस्तिका मला त्या वेळी सापडली नव्हती. एका म्हाताऱ्याला आपला पडलेला काळ तपशिलात आठवत होता, म्हणून दहा-बारा पोरांची जागा वाचली.

आणि त्या जौनपूरच्या रागीट पोराचं राहिलं. तात्या एकदा आपल्या गिरणीतल्या भय्या कामगारांबद्दल सांगत होते. पूर्व उत्तर प्रदेशातले लोक गिरण्यांत फार जुने. मदनपुऱ्यातले मोमीन विणकर तर एकोणिसाव्या शतकापासूनचे. ब्याऐंशीच्या संपात हे सगळे मराठी कामगारांबरोबर बाहेर होते. पोरगा ऐकता ऐकता म्हणाला, माझे आजोबा पण बंबईत मिलमध्ये होते, पण घरात कोणी बोलत नाही. तात्यांनी गिरणीचं नाव विचारलं, खातं विचारलं. पोरानं तिथूनच घरी फोन लावला. आजी जिवंत होती. लोखंडी पेटीत बिल्ला आणि ईएसआयचं कार्ड निघालं, आणि चुलत्यानं घरासाठी कधीकाळी अर्ज भरून ठेवल्याचंही कळलं. गिरण्यांच्या जमिनींवर 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर हजेरीपटावर असलेल्या कामगारांना वा त्यांच्या वारसांना घरं द्यायची योजना आहे. म्हाडाची पहिली सोडत 2012 च्या जूनमध्ये निघाली, घरं सात हजारांना थोडी कमी. अर्जदार पुढे पावणेदोन लाखांच्या आसपास गेले. 2023 साली कागदपत्रांची छाननी पुन्हा सुरू झाली तेव्हा पोरगा बिल्ल्याची आणि कार्डाची प्रत घेऊन रांगेत उभा राहिला. घर मिळालेलं नाही. मिळेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण त्याला आता कोणी ‘तू कधी आलास?’ विचारलं की तो ‘मी की माझे आजोबा?’ असा उलट प्रश्न करतो, तोही मराठीत.

गंमत म्हणजे बाहेरून आलेल्याला सामावून घेणं या विषयावर आपण बोलतो तेव्हा नेहमी आलेल्यानं काय शिकावं याची यादी करतो. भाषा शिकावी, रीतभात शिकावी, कचरा कुठं टाकावा ते शिकावं. शिकावंच, मीही ‘जेवायलोय’ सोडून ‘जेवतोय’ म्हणायला शिकलो. पण काकींनी मला शिकवलं नव्हतं. आपणही एकदा ट्रंकेवर बसून होतो, हे सांगितलं होतं. तेवढ्यानं माझी लाज गेली, आणि लाज गेली की बाकीचं माणूस आपोआप शिकतो. मुंबईत स्वतःला मूळचा म्हणवणाऱ्या घरांत दोन-तीन पिढ्या मागं गेलं की बहुतेक ठिकाणी एक ट्रंक सापडते. ती उघडून दाखवणारा म्हातारा घरात आहे तोवर ते घर नव्या माणसावर डाफरत नाही, असा माझा अनुभव आहे.

काकी गेल्या, मामा गेले, तात्या टाळेबंदीनंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात गेले. टेपा माझ्याकडे आहेत, पण टेपेला उलट प्रश्न विचारता येत नाही आणि टेप तुमचं वाक्य दुरुस्त करत नाही. संप झाला तेव्हा जो ऐन पंचविशीत होता तो आज सत्तरीला टेकला आहे. त्याआधीची वीस-पंचवीस वर्षं गिरणीत काढलेली माणसं नव्वदीकडे चालली आहेत. तुमच्या चाळीत, इमारतीत, नात्यात असं कोणी असेल तर येत्या रविवारी त्यांच्याकडे जा. जाताना एकटे जाऊ नका. तुमच्या इमारतीचा वॉचमन, डबा देणारी बाई, खालच्या दुकानातलं नवं पोर, कोणालातरी सोबत न्या, आणि पहिला प्रश्न त्यांना विचारू द्या.